बेबाबाईचं सूर्याशी वैर

रावेरच्या बाजूला उन्हाला बेबाबाईइतक्या शिव्या देणारं दुसरं माणूस सापडलं नसतं. सकाळी शेजारणी सूर्याला तांब्याभर पाणी वाहायच्या, तेव्हा ही पाठ फिरवून उभी राहायची. त्यावरून तिला कोणी नावं ठेवत नसे. चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात तिच्या नवऱ्याला, कौतिकला, केळीच्या बागेत ऊन लागलं आणि विहिरीपाशीच तो गेला. उन्हानं नेलं, असं सगळं गाव म्हणालं. बेबाबाईनेही तेच धरून ठेवलं, कारण खरं काय ते तिच्या एकटीच्या पोटात होतं. त्या दिवशी भर बारा वाजता घरातला बल्ब लागला, तेव्हा कौतिक नुकता ताटावर बसला होता. "लाईट आली. विहिरीवरची मोटर सुरू करून या, जेवन मंग करजा," असं म्हणून तिनेच त्याला उठवलं होतं.

अकरा वर्षं तिने सगळा दोष सूर्यावर ढकलला.

पंचाण्णवला दिवाळीतच सूर्यग्रहण येणार होतं. गावाने भिऊ नये म्हणून शाळेच्या चुडामण गुरुजींनी आठवडाभर आधी बायाबापड्यांना ओट्यावर बसवून सूर्य समजावला. तिथे लाकूड-कोळसा काही जळत नाही, ते म्हणाले. सूर्याच्या पोटात भयंकर दाब आणि ताप. त्यात हायड्रोजनचे कण एकमेकांत मिळतात, त्यांचं हेलियम होतं. वजनात थोडी तूट येते, आणि त्या तुटीचीच ही सगळी धग. रात्रीच्या चांदण्यांचंही तेच. पोटातली धग वर यायला हजारो वर्षं लागतात, कोणी लाखही म्हणतात. वरून इथे यायला मात्र आठच मिनिटं.

लोक उठून गेले. बेबाबाई बसून राहिली.

"गुरुजी, त्या दिवसाचं ऊन बी तधीच निंघेल व्हतं का?"

कौतिक कसा गेला ते गुरुजींना ठाऊक होतं. "हो अक्का. तुम्ही-आम्ही जन्मलोही नव्हतो तेव्हा. उन्हाचा कोणावर राग नसतो."

बाईचं मन हलकं होईल, असं त्यांना वाटलं. माणूस भला, पण तिची एकुलती एक पळवाट त्यांनी बुजवून टाकली.



"लाख वर्साचं निंघेल ऊन, ते काही थांबलं नसतं," बेबाबाई म्हणाली. "पन ते त ताटावर बसेल व्हते, गुरुजी. मीच उठवलं त्याईले. दोन घास तरी खाऊ द्याले पाहिजे व्हते."