मामाच्या विरोधात माईक

मामाच्या विरोधात मी माईक हातात घेतला, तो काही ठरवून नाही. अल्लीपूरच्या बाजारात सभा चालली होती, कुणीतरी म्हणालं, "ताई, दोन शब्द बोला," आणि दोन शब्दांवर थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. माझा सख्खा मामा दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आला. दोन्ही वेळा आमच्या शेताकडच्या पांदणीवर मुरूम टाकतो म्हणाला, आणि आजही पावसाळ्यात त्या वाटेवर बैलबंडी आखापर्यंत रुतते. हे सगळं मी भर बाजारात सांगून टाकलं. यंदा त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईंनी आयुष्यभर अंगणवाडी चालवली होती, त्यांचं चिन्ह कढई. कढई छापलेला दुपट्टा गळ्यात घालून मी म्हटलं, "मामा माझा, पण मत बाईंना." टाळ्या पडल्या, तेव्हा फार बरं वाटलं.

घरी येईपर्यंत व्हिडिओ माझ्या आधी पोचला होता. नवरा आमच्या पिठाच्या चक्कीवर बसून तोच पाहत होता.

"आता मामाच्या घरचं जेवण बंद तुले," तो म्हणाला आणि हसला. मला काही हसू आलं नाही. आई गेल्यापासून माहेर म्हणून जायला मला तेवढं एकच घर उरलं होतं.

आणि आमच्याकडं मामा भाच्यांच्या पाया पडतो. बाहेरच्यांना याची गंमत वाटते. मी पाच वर्षांची, नाक वाहतंय, फ्रॉकला चिखल, आणि भरघोस मिशांचा मामा दारात वाकून माझ्या पायांना हात लावतोय. आता माझे केस पांढरे व्हायला लागले, तरी त्यात कधी खंड पडला नव्हता. सभेनंतर चारच दिवसांनी त्याचा एक कार्यकर्ता दळण घेऊन आला आणि मुद्दाम मोठ्यानं बोलला, "मामा सांगून राह्यले होते, आता त्या पोरीच्या पाया नाई पडत."

"नका पडू म्हणा!" मी फणकारले, आणि त्याच रागात एका बाईची ज्वारी दुसरीच्या गव्हावर ओतली. दोघींनी मिळून मला जे ऐकवलं ते मुकाट ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. मामा आता मला भाची मानणार नाही, हेच डोक्यात फिरत होतं.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, मारुतीच्या देवळासमोर दोन्ही रॅल्या समोरासमोर आल्या. आमच्या बाया झाऱ्यानं कढया बडवत होत्या, त्यांचा डीजे दणाणत होता. कोणीच मागं सरेना. मामा जीपमध्ये उभा, मी पहिल्या रांगेत. गळ्यातला दुपट्टा काढावा असं क्षणभर वाटलं, पण नाही काढला. हट्टीपणा आजोळचाच आहे. मामा जीपमधून उतरला. त्याच्या माणसानं बाही धरून कानात काहीतरी सांगितलं, ते मला ओठांवरून कळलं, "इथं नोका, मतं जातीन." मामानं बाही सोडवली, सरळ माझ्यासमोर आला आणि वाकला. दोन्ही पायांना हात लावून कपाळाला लावला. डीजे बंद पडला, कढयाही थांबल्या.

"आवाज बसला तुहा," तो म्हणाला. "इतकी काऊन वरडून राह्यली वं? मीठपान्याच्या गुळन्या करजो."

तो परत जीपमध्ये चढला, आणि आम्ही बायांनीच रस्ता दिला.

संध्याकाळी आमच्याच बाजूच्या कुणीतरी तो व्हिडिओ गावोगाव पाठवला, वर लिहिलं, 'उमेदवारानं हात टेकले'. काढा म्हणून मी भांडले, पण माझं ऐकतो कोण! मामा हरला, तेही अगदी थोड्या मतांनी. पाया पडला तिथंच हरला, असं त्याची माणसं सांगत फिरली आणि मलाही ते खरं वाटलं. बाईंच्या गुलालात मी गेलेच नाही. चक्की चालू करून आत बसले आणि मनसोक्त रडले, त्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मामी मोटारसायकलवर दारात. मी चक्की बंद केली, पण पुढं जायचं धाडस होईना.

"मामा, माह्यामुळं..."

"तुह्यामुळं काऊन? पांदण केली असती त तू बोललीच नसती," मामा म्हणाला. "आता त्या बाईच्या मागं लागजो. नाई ऐकलं त मले सांगजो, मी येतो तुह्यासंग."

मामी गाडीवरून उतरता उतरता म्हणाली, "याइचं गोड बोलनं खरं नोको मानू. दोन दिवस तुले नुसत्या शिव्या देऊन राह्यले होते."

"दिल्या त दिल्या," म्हणत मामा वाकला. मी लाजेनं पाय मागं घेतले, तसा तो वाकल्या वाकल्याच खेकसला, "पाय इकडं आन! निवडणूक हारलो न मी, आता भाची बी हारू काय?"