आईला गारवा सोसत नाही

हे अनघालाही ठाऊक नाही. अनघा म्हणजे माझी बायको. माझ्या बहुतेक लबाड्या तिला पाठ आहेत, एवढी सोडून. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर माझ्या भाषणांतून — म्हणजे नाहीच ओळखत.

मी ऊर्जेची भाकितं करतो. पवईला आमचं काचेचं ऑफिस आहे. तिथून तलाव दिसतो, उकाडा दिसत नाही. येत्या काही दशकांत जगाला किती वीज लागेल, किती कोळसा जळेल, ऊन आणि वारा त्यातलं किती उचलतील, सरकारांनी हवामानासाठी दिलेले शब्द पाळले तर काय आणि न पाळले तर काय, याचे आलेख आम्ही काढतो. शब्द पाळल्याचा आलेख दिसायला जास्त देखणा असतो, म्हणून मुखपृष्ठावर तोच जातो. माझ्याकडे घरगुती वापर होता. त्यातही, घरं थंड ठेवायला लागणारी वीज. आपल्याकडे ही रेघ चढतच जाते. ती खाली आणायचा एक सोपा उपाय आहे — लोक सुधारतील असं धरून चालायचं. अहवालात त्याला ‘वर्तनातला बदल’ म्हणतात. म्हणजे उकाडा कोणीतरी सोसायचा. कोणी, ते लिहायचं नाही.

आम्ही राहतो मुलुंडला, शेवटच्या मजल्यावर. वर थेट गच्ची. मे महिन्यात दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही. आमच्या घरात एसी नव्हता, आणि ही गोष्ट मी जिथे जाईन तिथे सांगायचो. खरीच होती. फक्त मी दिवसभर पवईला, अनघा तिच्या बँकेत. दुपारी त्या घरात एकटी आई असायची. तिच्या खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या बंदिस्त डक्टमध्ये उघडायची आणि खालच्या बिऱ्हाडांचे एसी त्याच डक्टमध्ये गरम वारा ओकायचे. म्हणून ती खिडकी बंद ठेवायची.

इथे मला कोळशाबद्दल चार वाक्यं बोलावीशी वाटताहेत. बघा — सवय.

तर, तिने एसी मागितला होता. एकदाच.

“अरे, त्या शेजारच्या सावंतांकडे लावलाय बघ. एवढासा आहे, आवाजसुद्धा येत नाही,” ती म्हणाली. “माझ्या खोलीत बसेल का रे?”

मी तिला समजावलं. वीज कशी तयार होते, धूर कुठे जातो, एक घर गार करताना बाहेरची हवा कशी तापते. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “आणि तुमच्या ऑफिसात?”

“ऑफिसचं वेगळं असतं ना, आई.”

“हो का,” ती म्हणाली.

ऑफिसात मी कुडकुडतो हे तिला माहीत होतं. त्याच महिन्यात तिने माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला. रविवारी दुपारी मी बघायचो — लोकर बोटांना चिकटायची, ती शेजारच्या ओल्या नॅपकिनला हात पुसायची आणि पुन्हा सुया उचलायची. “मे महिन्यात स्वेटर विणणारी अख्ख्या मुलुंडात मी एकटीच असेन,” म्हणून हसली होती. मीही हसलो. मी बोललो ते शास्त्र म्हणून चुकीचं नव्हतं. पैशांचीही अडचण नव्हती. मग काय होतं? घरात एसी नसलेला तज्ज्ञ — एवढीच माझी ओळख होती, आणि ती मला फार आवडायची.

खोटं बोललो ते नंतर. एका मोठ्या हॉटेलात परिषद होती. सभागृह इतकं गार, की सत्काराची शाल आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली. माझं भाषण संपल्यावर मागून एका बाईंनी विचारलं, “म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं हो?” प्रश्न सरळ होता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी म्हणालो, “माझी आई सत्तरी ओलांडलेली आहे. मी एसी लावायला निघालो, तर तिनेच नको म्हटलं. मला गारवा सोसत नाही, म्हणाली.”

टाळ्या पडल्या. बाई खाली बसल्या. पुढे हे वाक्य मी किती ठिकाणी वापरलं? जिथे उत्तर नव्हतं, तिथे सगळीकडे.

ते फिरत फिरत एका वर्तमानपत्राच्या पुरवणीपर्यंत गेलं आणि एक मुलगी मुलाखतीला घरी आली. आईने कोकम सरबत केलं. मुलगी कौतुकाने म्हणाली, “आजी, तुम्ही स्वतःच एसी नाकारलात ना?”

आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. मला थांबवता आलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं — रागाने नाही. लहानपणी माझी चोरी बाहेरच्यांसमोर उघडी पडली की बघायची, तसं.

“हो,” ती म्हणाली. “मला गारवा सोसत नाही.”

मुलीने पंख्याखाली बसवून तिचा फोटो काढला. ती गेल्यावर आई पेले विसळत होती. आता काहीतरी बोलेल म्हणून मी दारातच उभा राहिलो.

“फोटोत पंखा आला का रे?” तिने विचारलं.

“बघून सांगतो,” म्हटलं. बघितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात अनघा वैतागली. “लावून टाकूया ना यार आईंच्या खोलीत, कसले डोंबलाचे सिद्धांत!” मी म्हटलं, “मी कुठे अडवलंय? आईलाच विचार.” आई काय म्हणणार हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारायला सांगितलं. “नको गं,” आई म्हणाली, “मला नाही सोसत.” अनघाने ते खरं मानलं. का मानू नये?

त्याच मे महिन्यात एका दुपारी सावंतकाकूंना आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. अंग भाजत होतं. हॉस्पिटलात नेलं. खोली एसीची होती. दोन दिवसांनी ती जरा बोलायला लागली. आम्ही दोघंच होतो. ती म्हणाली, “इथे किती छान झोप लागते रे.”

मी तिचा हात धरून बसलो. संध्याकाळी बँकेतून अनघा आली. आईच्या अंगावर पांघरूण नाही हे बघून तिने लगेच सिस्टरना बोलावलं. “यांच्या अंगावर गार हवा येतेय. बंद करा ना, त्यांना गारवा सोसत नाही.”

आईने माझ्याकडे पाहिलं.

एका वाक्याचं काम होतं. ‘राहू दे, तिला बरं वाटतंय’ — एवढंच. कारणही द्यायला लागलं नसतं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत राहिलो. सिस्टरनी एसी बंद केला आणि चादर गळ्यापर्यंत ओढून दिली. आईने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशीही सांगता आलं असतं. त्यानंतरच्या दिवशीही. आई त्याच खोलीत गेली, त्याच चादरीखाली. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, शिवाय वय. त्यातलं वय तेवढं मी सगळ्यांना सांगितलं.

अनघा अजून म्हणते, “बरं झालं मी लक्ष दिलं, नाहीतर शेवटी थंडीने हाल झाले असते त्यांचे.” मी मान डोलावतो.

स्वेटर ऑफिसात खुर्चीवर असतो. अहवाल दरवर्षी निघतो; वडीलधाऱ्यांना पंखाच पसंत असतो, हे त्यातलं वाक्य मी काढलेलं नाही.

हॉलमध्ये लावायला अनघाने पुरवणीतलाच फोटो निवडला. त्यात आई प्रसन्न दिसते म्हणाली. मोठा करून आणल्यावर मी पहिल्यांदा नीट पाहिला.

पंखा आलाय. वरच्या कडेला, अर्धा.