भट्टीवाल्याचा हौद

नॉर्बर्ट लिंडक्विस्टने मिनेसोटाच्या बर्फात चाळीस वर्षं लोकांची घरं तापवली. तळघरात बसवायच्या भट्ट्या विकल्या, दुरुस्त केल्या आणि त्या धंद्यातून एकच शहाणपण कमावलं: ऊब मिळवावी लागते, आणि मिळाली की झाकून ठेवावी लागते. निवृत्तीनंतर तो बायकोला घेऊन ॲरिझोनात, मेसाच्या पूर्व टोकाला राहायला आला. इथे जूनमध्ये गाडीचं स्टिअरिंग धरायला स्वयंपाकघरातले हातमोजे लागतात. पण अंग वाळवंटात आलं म्हणून अक्कल येतेच असं नाही. ती मिनेसोटातच, कुठल्यातरी भट्टीपाशी शेकत बसली होती.

फेब्रुवारीत त्याच्या बायकोचा, अर्लीनचा गुडघा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोनदा अर्धा अर्धा तास पाण्यात चालायचं, सप्टेंबर संपेपर्यंत, नाहीतर सांधा आखडेल. झालं, अंगणात स्विमिंग पूल बांधायचं ठरलं. अर्लीन नवऱ्याला ओळखून होती. जेवताना मटार टिपत तिने सांगून टाकलं,

"पहिल्या जुलैला मी आपल्या पाण्यात चालत असेन, नाहीतर विमानात असेन. व्हर्नाच्या घरामागे अख्खं तळं आहे."

"आणि परत कधी?"

"गुडघा म्हणेल तेव्हा."

व्हर्ना ही अर्लीनची मिनेसोटातच राहिलेली थोरली बहीण. नॉर्बर्ट तिला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता आणि गेली बावन्न वर्षं ती आपला अंदाज बरोबर ठरायची वाट बघत होती. अर्लीन तिकडे गेली तर परत येईल याची खात्री कोणी द्यावी? नॉर्बर्टला टोस्टपलीकडे काही भाजता येत नव्हतं. रिकाम्या घराचा नुसता विचारही त्याला नको होता. पण तोंडाने तो म्हणाला, "तू निर्धास्त राहा. पाणी गरम-थंड करणं हाच माझा धंदा होता." त्यातलं 'थंड' त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

हौदाचं सामान मिळायचं कॉन्सुएलो किविसच्या दुकानात. कॉन्सुएलोचं घराणं या वाळवंटात पाच-सहा पिढ्यांचं. तिच्यासमोर नॉर्बर्टने खिशातून यादी काढली आणि इस्त्री केल्यासारखी काउंटरवर पसरली. सगळ्यात मोठा हीटर. हौदाच्या तळाला काळा गिलावा, ऊन शोषून घ्यायला. वरून बुडबुड्यांचं निळं प्लास्टिकचं पांघरूण.

कॉन्सुएलोने यादी वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"साहेब, यात रश्शाचं सामान आहे. बटाटे तेवढे राहिले."

"म्हणजे?"

"म्हणजे जुलैत तुमचं पाणी आपोआप उकळेल. त्याला तापवायला कशाला बघता? पांढरा गिलावा घ्या. वर सावलीचं कापड ताणा. कमी-जास्त वेगाचा पंप घ्या, रात्रभर हळू चालवा आणि पाणी कारंज्यातून उडवा. आमच्याकडे मातीच्या मडक्याला ओलं गोणपाट गुंडाळून झाडाला टांगायचे. वारा लागला की आतलं पाणी गार. तीच गोष्ट आहे."

"मडकं?" नॉर्बर्ट हसला. "बाई, मी चाळीस वर्षं यंत्रांमध्ये काढली आहेत."

"ती दिसतातच. बरं, एवढं तरी ऐका. इथलं पाणी जड आहे. त्या हीटरच्या नळ्यांत दोन वर्षांत चुना बसेल."

"मी स्वतः साफ करीन."

"करा. निवृत्त माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच."

यादीतलं सगळं घरी आलं. हीटर पश्चिमेच्या भिंतीशी बसला, म्हणजे दुपारचं सगळं ऊन त्याच्या टाळक्यावर. कॉन्सुएलोच्या माणसाने "इकडे नको" म्हटलं, तर नॉर्बर्टने त्याला नळजोडणीवर पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. शेजारपाजारचे लोक कुंपणावरून ते ऐकत होते. फुकटची करमणूक कोण सोडतो?

एप्रिलमध्ये देवाने त्याची थट्टा केली, म्हणजे हवा थंड ठेवली. हीटर तीनदा लागला. अर्लीन पाण्यात चालली, गुडघा वाकायला लागला. नॉर्बर्ट काठावर हात मागे बांधून असा उभा राही, जणू समुद्र त्यानेच भरला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पांघरूण उचलून दाखवायचा. "बघा, वाफेचा एक थेंब वाया जात नाही."

मे संपताना पाणी अठ्ठ्याऐंशी अंश फॅरनहाइटवर गेलं. जूनच्या मध्यावर पंच्याण्णव. निरोगी माणसाच्या काखेतला थर्मामीटर दाखवतो त्याच्या जवळपास. काळा तळ ऊन पीत होता, निळं पांघरूण ते कोंडून ठेवत होतं, आणि नॉर्बर्ट रोज संध्याकाळी ते पांघरूण नीट चारही बाजूंनी खोचत होता. बाळाला निजवावं तसं. अर्लीन पाच मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर आली. गुडघा सुजला. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "पोहायला जाता की शिजायला?"

मग नॉर्बर्टने पेट्रोल पंपावरून बर्फाच्या चाळीस पिशव्या आणल्या. चार खेपा केल्या. काठावर अनवाणी उभा राहून एकेक पिशवी फोडली, तळवे भाजले म्हणून नाचत नाचत. पाणी दोन अंशांनी उतरलं आणि जेवण होईस्तोवर पुन्हा चढलं.

अर्लीन खिडकीतून बघत होती. आत गेली, पहिल्या जुलैचं विमानाचं तिकीट काढलं आणि बॅग उघडली.

"अजून आठ दिवस आहेत," दारात उभा राहून नॉर्बर्ट म्हणाला.

"म्हणून तर सावकाश भरतेय."

तिने स्वेटर घडी करून खाली ठेवले. उन्हाळ्यातल्या तळ्याकाठी चार स्वेटर. ते मोजताना नॉर्बर्टचं तोंड उतरलं. उन्हाळ्यात निघालेली बाई नाताळपर्यंतचे कपडे नेत असेल तर नवऱ्याने काय समजायचं ते समजावं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो दारात हजर. कॉन्सुएलोने कुलूप काढेपर्यंत तो बुटांकडे बघत होता.

"बोला साहेब. हीटर लहान पडला का?"

नॉर्बर्ट बुटांकडेच बघत पुटपुटला, "पाणी गार कसं करायचं?"

"काय म्हणालात? पंखा मोठ्याने चालतोय."

"पाणी. गार. मला येत नाही."

पंखा मुळी बंदच होता. पण ते वाक्य दोनदा ऐकायचा तिचा हक्क होता. त्यानंतर मात्र तिने टोमणे आवरले, अर्लीनच्या बॅगेची हकिकत ऐकून घेतली आणि कागद ओढला. पांघरूण आजच गुंडाळून अडगळीत. वर सावलीचं कापड. कारंज्याचा पाइप, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत चालू. आणि पावसाळी दमट हवा आली की कारंजं एकटं पुरणार नाही, म्हणून पाण्यातली उष्णता बाहेर फेकणारं थंड करायचं यंत्र, तेही घराच्या उत्तरेला, सावलीत. "काळा तळ तेवढा राहील," ती म्हणाली. "तो आता बाई परत आल्यावर खरवडू."

"ती जाणारच नाहीये," नॉर्बर्ट म्हणाला.

"मग लवकर हात चालवा."

त्याने चालवले. स्वतःच्या हाताने हीटर सोडवला. पाठ धरली, बोट चेपलं, पण या वेळी कोणाला व्याख्यान दिलं नाही. कॉन्सुएलोच्या माणसाने "इथे धरा" म्हटलं की तिथे धरलं. मोहल्ल्याला जरा चुकल्यासारखंच झालं.

तीस जूनच्या सकाळी पाणी चौऱ्याऐंशी अंशांवर होतं. अर्लीन पायऱ्यांवरून कंबरभर उतरली आणि अर्धा तास चालली. नॉर्बर्ट काठावर टॉवेल घेऊन उभा. या खेपेला हात मागे बांधले नव्हते.

"मग?" त्याने विचारलं.

"पाणी बरं आहे."

"म्हणजे तिकीट रद्द करू?"

अर्लीनने टॉवेल घेतला, आधी गुडघा पुसला, मग तोंड. "रद्द कशाला? पंधरा तारखेवर ढकल. अजून जुलै यायचाय."

नॉर्बर्टने फोन करून तिकीट ढकललं आणि घराच्या उत्तरेला जाऊन यंत्राचा आवाज ऐकत उभा राहिला.