न्यू ओल्ड स्टॉक

वॉल्व हातात आला की मिस्त्री आधी तो उलटा करायचे आणि बुडाच्या पिना चष्म्याजवळ नेऊन निरखायचे. मग समोर गिऱ्हाईक कुणीही असो, वाक्य ठरलेलं. "एकदा सॉकेटात गेला की मंग नवा न्हाई."

त्यांच्यावर लिहा, असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. मी दर वेळी डोळ्यांचं निमित्त सांगितलं. डोळे ठीक आहेत. लिहायला बसलो तर शेवटपर्यंत लिहावं लागेल, याची भीती होती.

जालन्यात मस्तगडला त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आणि माझं घड्याळांचं, मध्ये एक भिंत. ट्रान्झिस्टर येण्याआधी रेडिओ या काचेच्या वॉल्वांवर चालत. दिसायला लहान बल्बसारखे, बुडाला पिना, आणि त्या पिना रेडिओतल्या सॉकेटात बसत. पुढे तसले रेडिओ गेले, पण मिस्त्रींकडे वॉल्वांची खोकी राहिली. वहिनी चिडायच्या. "घरात मानसं मावंनात, अन् हे काच जमा करून राह्यले."

"काच न्हाई, दागिने हायेत तुमचे."

"मंग घाला की माझ्या गळ्यात!"

म्हातारपणी अचानक त्या काचेला चांगले दिवस आले. पुण्या-मुंबईचे शौकीन जुने रेडिओ हौसेने चालवू लागले आणि मिस्त्रींचा पत्ता शोधत आले. मिस्त्रींना कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवर मी बोलायचो. 'न्यू ओल्ड स्टॉक' हा शब्द तेव्हा पहिल्यांदा कानावर पडला. माल जुन्या काळचा, पण कधीच न वापरलेला, असा त्याचा अर्थ. अशा वॉल्वला ते लोक मागू ती किंमत देत. मिस्त्रींना शब्द भारी आवडला. "बराबर हाय. आपण दोघं नुसते ओल्ड स्टॉक, भाऊ. अन् तेबी रगडून वापरलेले."

त्यांचा एक नियम होता. वॉल्व रेडिओतून काढलेला असो की नुसता मिनिटभर चालवून पाहिलेला, त्याच्या बुडाला ते वहिनींच्या जुन्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचे. ठिपकेवाला माल 'वापरलेला' म्हणून स्वस्तात जायचा.

"मिनिटभरच तर चालवला मिस्त्री, कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. बिलकुल न्हाई."

त्या शौकिनांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये 'जालन्याच्या काकांचा माल' म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. एक डॉक्टर तर दुकानात येऊन त्यांच्या पाया पडला. आयुष्यभर "रेडिओवाला हाय का रे?" ऐकलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून दुकानात येताना इस्त्रीचा शर्ट घालू लागला.

एकदा ते लेकीकडे शहागडला गेल्ते. किल्ली माझ्याकडे होती. पुण्याच्या एका माणसाला नवे वॉल्व जल्दी हवे होते, आणि तसले नवे संपले होते. मी ठिपकेवाले काढले. घड्याळवाल्याकडे थिनर असतोच. ठिपके पुसले, पिना घासून लख्ख केल्या, जुन्या कोऱ्या डब्यांत घालून झाकणं चिकटवली. मिस्त्रींना वापरलेल्या मालाचे पैसे दिले, वरचे मी ठेवले. मला गरज होती असं लिहिलं असतं, पण नव्हती.

काही आठवड्यांनी तो माणूस स्वतः दुकानात आला. एक वॉल्व लगेच बंद पडला होता. त्याने तो दिव्याखाली धरला. बुडाच्या खाचेत लाल रंग राहिला होता. मी दारातच उभा होतो. मिस्त्रींनी पिना पाहिल्या, खाच पाहिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "नजर गेली आता."

"नजर गेली म्हणून ठिपका आपोआप पुसला जात नाही, काका."

त्याचे पैसे मिस्त्रींनी तिथल्या तिथे परत केले. त्याने दुकानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, इथून घेऊ नका. माझा फोन वाजायचा थांबला.

संध्याकाळी मिस्त्रींनी हळूच विचारलं, "भाऊ, तसले अजून कितीक गेले?"

मी म्हणालो, "कसले?"

"बरं," ते म्हणाले, आणि कुलूप लावून किल्ली नेहमीसारखी माझ्याच हातात दिली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी सगळी खोकी भंगारवाल्याला दिली. नवे, ठिपकेवाले, सगळे एकाच पोत्यात. त्यानंतर ते घराबाहेर फारसे दिसले नाहीत. मी भेटायला जायचो. आम्ही पाण्याच्या टँकरविषयी बोलायचो. मग ते गेले.

पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात, भन्तेजींची बुद्धवंदना झाली. वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच बोला. लोक मागून काईबाई बोलून राह्यले त्यांच्याबद्दल. खरं काय ते तुम्हाला ठाऊक हाय."

मी उठलो. वाक्य घरूनच जुळवून आणलं होतं: वहिनी, ते मी केलं, मला माफ करा. समोर मांडव भरला होता.

"मिस्त्रींसारखा सरळ माणूस मी पाहिला नाही," मी म्हणालो.

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि मला हात जोडले. मीही जोडले, आणि खाली बसलो.