निळीचा शेवट

बाइंडरबाबांना पुस्तकं अंगाने ठाऊक, नावाने नाहीत. सगळा जन्म शिवणी घालण्यात आणि पुठ्ठे चढवण्यात गेला. वाचायची हौस बायकोची. रद्दीतून आलेलं, पुढची-मागची पानं झडलेलं एक पुस्तक त्यांनी उरलेल्या निळ्या कापडात बांधून तिला दिलं. घरात त्याचं नाव पडलं ‘निळी’.

स्वयंपाकघर आवरलं की ती निळी उघडायची आणि बाबा ऐकत बसायचे. गोष्टीतला नावाडी पैलतीराला लागायच्या आधीच पानं संपायची. पुढचं ती मनाने सांगायची. नावाडी घरी पोचायचा. भाजी करपली असेल त्या दिवशी मात्र बिचारा हमखास बुडायचा!

पुढे निळी शेजारणीने वाचायला नेली आणि शेजारीण घर बदलून गेली. मग बायकोही देवाघरी गेली. बाबांच्या कानांना ती वेळ झाली की अजून भूक लागते.

नजर अधू झाली तसा मुलाने ई-रीडर आणला. अक्षर हवं तेवढं मोठं होतं म्हणे. बाबांनी तो उलटापालटा करून पाहिला.

“शिवण नाही, खळ नाही. पानं धरून कोण ठेवतं याची?”

“देवच!” सून हसली. “बोला, कोणतं पुस्तक घ्यायचं?”

“निळी.”

ई-रीडरमधल्या दुकानात शोधलं, तर निळ्या आभाळापासून कपड्यांच्या निळीपर्यंत सगळं आलं.

“लेखक कोण, बाबा?”

“पहिलं पानच नव्हतं गं.”

“मग तुम्हाला माहीत तरी काय आहे?”

“दोरा पांढरा होता.”

सुनेने कपाळाला हात लावला. पण पोरगी चिकाटीची. प्रकाशकांच्या संकेतस्थळांवर ई-पुस्तकं विकत मिळतात, ग्रंथालयाचं सभासदत्व असलं की काही दिवस वाचायला मिळतात, आणि हक्क संपलेली जुनी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, एवढं तिने हुडकलं. जुन्या पुस्तकांच्या त्या साठ्यात आतल्या मजकुरातही शोधता येत होतं.

“एखादं वाक्य आठवतं?”

“न आठवायला काय झालं? ‘काठावर ती दिवा धरून उभी होती, वाऱ्याला पदराआड ठेवून.’”

सुनेने शोधलं. काहीच नाही. शब्द मागेपुढे करून पाहिले, तरी नाही.

 बाबा हळूच म्हणाले, “कसं सापडेल? ते तिचं वाक्य. पुस्तकातलं नव्हेच.”

दुसरं आठवायला वेळ लागला. “‘वल्हं ओलं, डोळे कोरडे.’”

एकच पुस्तक आलं. नाव भलतंच, पण नावाडी तोच! सुनेने ते ई-रीडरवर चढवलं, अक्षर मोठं केलं. बाबा रोज थोडं थोडं, ओठ हलवत वाचू लागले. एका संध्याकाळी त्यांचं बोट थांबलं.

“इथं फाटलं होतं.”

“पुढं आहे, बाबा. खरा शेवट. वाचून दाखवू?”

 पुढं जायला नुसतं बोट टेकवायचं होतं. बाबांनी यंत्र बंद केलं आणि तळहाताने त्याची कड पुसली, नव्या बांधलेल्या पुस्तकाची पुसावी तशी.

“सूनबाई, आज भाजी करपली नाही ना?”

“नाही. का हो?”

“मग पोचला तो.”