कण्हेरीच्या पानाचा छेद

काल सोसायटीच्या माळ्यानं कण्हेर छाटली आणि तिच्या चिकाचा कडवट वास खिडकीतून आत आला. मी एकदम धुळ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जाऊन पोचले. ऐंशीच्या दशकातला तो हिवाळा होता.

मी ब्लेडनं कण्हेरीच्या पानाचे पातळ छेद घेत होते, तेवढ्यात दारात वडील दिसले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. आई जाऊन तीन महिने झाले होते आणि दोंडाईच्याजवळच्या घरात ते एकटेच राहत होते. न कळवता ते कधी येत नसत. माझं शिक्षण बघायला आले असतील, असंच मला वाटलं.

सरांना विचारून मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. "या खड्ड्यांत पानाची श्वासाची छिद्रं लपलेली असतात, नाना. वर केस असतात, म्हणून पाणी उडून जात नाही."

"म्हनीसन ती उन्हायामाबी हिरवी ऱ्हास!" टोपी काढून त्यांनी पुन्हा डोळा लावला.

मग मी जलपर्णीचा देठ दाखवला. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या झाडाच्या आत नुसत्या हवेच्या पोकळ्या होत्या. मी बोलतच राहिले.

"तुले सुटी कव्हय शे?" त्यांनी मधेच विचारलं.

"परीक्षा झाल्यावर."

"बरं. अभ्यास कर," म्हणाले आणि पाचच्या एसटीनं परत गेले.

ते मला दोन दिवस घरी न्यायला आले होते. हे मला शेजारच्या अक्कांनी सांगितलं, तेही नाना वारल्यावर. त्या सकाळी निघताना ते त्यांना म्हणाले होते, "अक्का, आज दोन मानसेसन्या भाकरी करजो. पोर घर येई ऱ्हायनी."