देवीच्या चेहऱ्याचे माप

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. काम अडले की ते आपोआप साठतात. अकोटा भागातील आमच्या प्रयोगशाळेचे काम तर सदैव अडलेलेच!

काम सांगायला सोपे. कॅमेरा हलवायचा नाही. दिवे मात्र एकेका दिशेने लावायचे. प्रत्येक फोटोत सावली बदलते, आणि त्यावरून संगणक पृष्ठभागाचे उंचवटे-खळगे काढतो. वाडीतील देवीची पाषाणमूर्ती ठिसूळ झाली होती. चांदीचा मुखवटा घडवायचा, पण साच्यासाठी प्लास्टर लावले तर पापुद्रे निघणार. म्हणून न शिवता माप घेण्याचे काम आमच्याकडे आले. माप चुकले तर चांदी रोज दगड खरवडणार. तेव्हापासून मला स्वस्थता नव्हती.

*

पहिल्या दिवशी पाहतो, तर मूर्ती लखलखते आहे! फोटो काढणार म्हणून वृद्ध पुजारी दामलेगुरुजींनी तिला तेल लावले होते. चकाकी आली की आमचे गणित कोलमडते.

आमचा विद्यार्थी केयूर कळवळला, "अरे गुरुजी, मेकअप कशाला?"

"तू पासपोर्टच्या फोटोला तोंड न धुता गेला होतास काय रे?"

*

तेल टिपले, तर गाभाऱ्यात नंदादीप. आम्हांला परका उजेड चालत नाही. केयूर चाचरत म्हणाला, "पाचच मिनिटं विझवू या?"

गुरुजींनी दिव्यात आणखी तेल ओतले.

प्रयोगशाळेचे प्रमुख घोरपडेसर यांनी तोडगा काढला: नुसत्या नंदादीपाचा एक फोटो घ्यायचा, आणि तेवढा उजेड प्रत्येक फोटोतून वजा करायचा.

"वजा खुशाल करा," गुरुजी म्हणाले. "विझवू नका!"

*

ज्योत हलू नये म्हणून प्रत्येक फोटोला आम्ही श्वास रोखून धरला. सर पक्के नास्तिक. बाहेर येताच गुरुजी त्यांना म्हणाले, "साहेब, देवीनं तुमच्याकडून प्राणायाम तरी करवून घेतला!"

*

पहिला आकार आला तो विपरीत. नाक आत, डोळे बाहेर! केयूरने दिव्यांच्या दिशा उलट भरल्या होत्या. सर एवढेच म्हणाले, "उजेड कुठून आला हे खोटं सांगितलंस, की देवाचंही नाक आत जातं."

*

अखेर चेहरा पडद्यावर उभा राहिला. दोन्ही गालांवर खळगे होते. पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू लावणाऱ्या बोटांचे.

देवळाचे गुजराती विश्वस्त जयंतीभाई अस्वस्थ झाले. "केयूरभाई, हे खड्डे कॉम्प्युटरमध्ये भरी नाखो ने, भरून टाका! मुखवटा एकदम सुंदर बनेल."

केयूरचा हात माउसकडे गेलाही.

गुरुजींनी पडद्यापुढे हात जोडले.

"भरा की, शेठ. मग तो मुखवटा बसवायचा कोणाला?"